तिचं सामान मिळालं का तिला? मेळावेवाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यात वधू-वर मेळावे भरवणाऱ्या सर्व मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि व्यासपीठावर माइक धरून उभे राहणारे सूत्रसंचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. राहते जुळे सोलापुरात, माहेर मोहोळ तालुक्यात. गेल्या चार वर्षांत भाच्याबरोबर मी तुमचे अकरा मेळावे पाहिले. भाचा ३३ वर्षांचा, बी.एस्सी. ॲग्री, साडेसहा एकर जमीन, त्यातली दोन एकर बागायत, बाकी पावसाच्या मर्जीवर. अकरा वेळा नोंदणी फी भरली, अकरा वेळा मसालेभात आणि बुंदी खाल्ली. फीबद्दल तक्रार नाही. मसालेभातही चांगला होता.

हे पत्र मी एका सिनेमामुळे लिहिते आहे. बाईंना निवृत्तीनंतर उद्योग राहिला नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा, पण पुढचं वाचून म्हणा.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर आम्ही सगळे माहेरच्या शेतात हुरड्याला जमलो होतो. आगटी पेटलेली, कणसं भाजून होत होती, चोळून चोळून हात काळे झालेले, सोबत शेंगाचटणी आणि गूळ. माझी लेक पुण्याहून छोटा प्रोजेक्टर घेऊन आली होती. गोठ्याच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता, तोच पडदा झाला. लेकीनं निवडला तो जुना इंग्रजी सिनेमा, 'द क्वाएट मॅन'. साल १९५२. मी म्हटलं, अगं इथं इंग्रजी कोणाला कळणार? ती म्हणाली, तू आहेस की. म्हणून मग मी खाटेवर बसून, आयुष्यभर चौथीच्या वर्गाला धडे वाचून दाखवले त्याच आवाजात, सबंध सिनेमा मराठीत सांगितला. दोन तासांच्या वरचा आहे. घसा बसला.

गोष्ट आयर्लंडची. शॉन थॉर्न्टन नावाचा माणूस अमेरिकेतून आपल्या वाडवडिलांच्या खेड्यात परत येतो. तिकडे तो मुष्टियोद्धा होता. एका लढतीत समोरचा माणूस त्याच्या ठोशानं मेला, तेव्हापासून यानं हात उचलणं सोडलं. ही गोष्ट गावात जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तो शांत माणूस. आल्या आल्या त्याला शेतात मेंढ्यांमागे अनवाणी चाललेली लाल केसांची मेरी केट दिसते. तिचा थोरला भाऊ विल डॅनहर म्हणजे गावातला दांडगा शेतकरी. त्याचा ज्या घर-जमिनीवर डोळा, नेमकी तीच शॉन विकत घेतो, कारण ते त्याच्या आईवडिलांचं घर. झालं वैर सुरू. भाऊ होकार देईना, आणि भावाच्या होकाराशिवाय त्या गावात लग्न होईना.

इथपर्यंत आल्यावर शेजारच्या वस्तीवरच्या काकांनी विचारलं, "बाई, येवढं हिरवं रान हाय, तर ही लोकं ऊस का लावीनात?" सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला आयर्लंड बघून दुसरं काय सुचणार. तिथं ऊन कमी पडतं, असं काहीतरी सांगून मी पुढे गेले.

दिग्दर्शक जॉन फोर्ड. हाही आयरिश घरातलाच, अमेरिकेत जन्मलेला. १९३३ साली छापून आलेल्या एका कथेवरून त्यानं हा सिनेमा केला, पण पैसे घालायला वर्षानुवर्षं कोणी तयार होईना. शेवटी एक कंपनी मिळाली, तिचा मालक म्हणाला की आधी ह्याच नटांना घेऊन मला घोड्यांचा आणि बंदुकांचा एक सिनेमा करून दे, त्यातून पैसे सुटले तर तुझा हा. म्हणून आधी तो केला आणि मग १९५१ च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग या गावी मंडळी शूटिंगला गेली. पुढे ह्याच सिनेमासाठी फोर्डला दिग्दर्शनाचं चौथं ऑस्कर मिळालं. नायक जॉन वेन, नायिका मोरीन ओहारा. ती मूळची डब्लिनचीच.

आता तुमच्या कामाचं. या सिनेमात एक तुमच्यातलाच माणूस आहे. मिकलीन. गावातला मध्यस्थ, सोयरिकी जमवणारा. बुटका, डोक्यावर हॅट, कायम तहानलेला. बॅरी फिट्झजेराल्ड या नटानं तो असा उभा केलाय की आमच्या सगळ्या मंडळींना तो आपापल्या ओळखीचा वाटला. त्याच्या घोडागाडीचा घोडा दारूच्या दुकानासमोर आपोआप थांबतो, कोणी लगाम ओढायला नको. आमच्याकडे येणाऱ्या एका मध्यस्थांची फटफटी अशीच एका हॉटेलासमोर थांबते, तिथला चहा आणि भजी झाल्याशिवाय स्थळाचं नाव निघत नाही. भाचा इतका हसला की हातातला हुरडा सांडला.

तरी त्या मिकलीनला एक गोष्ट कळत होती. शॉन आणि मेरी केट पहिल्यांदा फिरायला जातात तेव्हा गाडीत हा पुढे, ती दोघं मागे पाठीला पाठ लावून. नियम असा की हाताला हात लागता कामा नये. पण बोलायचं त्यांनी. तो पुढे तोंड करून गाडी हाकतो. मधे मधे टोचतो, पण तिच्या वतीनं बोलत नाही. (ती दोघं लवकरच दोन सिटांच्या सायकलीवरून त्याच्या हातावर तुरी देऊन पळतात, तो भाग वेगळा.)

लग्न जमतं ते फसवणुकीनं. गावकरी डॅनहरला पटवतात की घरातून बहीण गेली तर अमुक श्रीमंत विधवा तुझ्याशी लग्न करील. तो भुलून होकार देतो, आणि लग्नाच्या दिवशीच ते खोटं असल्याचं कळतं. चिडून तो बहिणीचा हुंडा अडवतो. ३५० पौंड आणि तिचं घरसामान.

हुंडा म्हटल्यावर आमची सगळी बैठक सावरून बसली.

शॉन अमेरिकेत वाढलेला. तो म्हणतो, पैसे नकोत मला, सामानही नको, मला तू पाहिजेस. आपल्या कानाला हे किती छान लागतं. आपल्याकडे असं म्हणणाऱ्या मुलाचा तुम्ही व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला असता. पण मेरी केट त्याच्यावर भडकते. तिचं म्हणणं वेगळंच आहे. ती भांडीकुंडी तिच्या आईची, आणि आईकडे तिच्या आईकडून आलेली. ते पैसे तिच्या हक्काचे. ती इतकी वर्षं भावाच्या घरात राबली. सामान आणि पैसे घेऊन ती नवऱ्याच्या घरी गेली तर घरधनीण म्हणून जाणार, नाहीतर इतके दिवस मोलकरीण होती, ती इथंही मोलकरीणच. नवऱ्याला हे कळत नाही, त्याला वाटतं बाई पैशाची लोभी आहे. सिनेमातला सगळा विनोद आणि सगळं भांडण या एका न कळण्यावर उभं आहे.

मी हे सांगत असताना आगटीजवळ बसलेली शेजारची म्हातारी, वय ऐंशीच्या पुढे, मधेच म्हणाली, "म्हंजी तिचं तिला पायजे. त्यात काय चुकलं तिचं?" आणि मग दर पाच मिनिटांनी तिचा एकच प्रश्न, "मिळालं का तिचं सामान तिला?"

गावातली माणसं भावाला गळ घालून सामान आणतात, ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मिकलीन पलंगाकडे बघतो तर पलंग मोडलेला. त्याला वाटतं, नवरा-नवरीचं जमलं, आणि तो अचंबित होतो. खरं तर रात्री भांडण होऊन नवरा दुसऱ्या खोलीत झोपलेला असतो. या प्रसंगाला बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पुरुष आगटीत गोवऱ्या सारू लागले. मेरी केट पुढे आपलं गाऱ्हाणं पाद्रीबाबांना सांगते, तेव्हा लाजेनं इंग्रजी सोडून आपल्या मायबोलीत सांगते. पाद्रीबाबा मासे धरत असतात. गळाला लागलेला मोठा मासा त्या ऐकण्याच्या नादात निसटतो.

आता माझं थोडं. माझं लग्न १९८६ सालचं. आईनं मला तिची शिलाई मशीन द्यायची म्हणून ठेवली होती. पायानं चालवायची, काळी, सोनेरी वेलबुट्टीची. आईला ती तिच्या आईनं दिली होती. याद्या करायला माणसं बसली आणि थोरल्या चुलत्यांनी मशीन यादीतून खोडली. म्हणाले, नोकरीवाल्या पोरीला कशाला मशीन, त्यापेक्षा जावईबापूंना टेपरेकॉर्डर देऊ. मी माजघरात होते. मला शिवणकाम फारसं येतही नाही. पगार होता, मनात आणलं असतं तर तशी नवी मशीन कधीही घेतली असती. तरी अजून माहेरी गेले की पोत्यांखाली दबलेल्या त्या मशीनकडे माझं लक्ष जातं. मेरी केटला ३५० पौंड कशाला हवेत हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

कायदाही मेरी केटच्या बाजूनं आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा देणं-घेणं गुन्हा आहे हे आपण पोपटासारखं म्हणतो. त्यातलंच सहावं कलम मात्र कोणी वाचत नाही. लग्नापायी दिलेला हुंडा दुसऱ्या कोणाच्या हाती पडला असेल तर त्यानं तो तीन महिन्यांच्या आत त्या मुलीच्या स्वाधीन करायचा, तोवर तो तिच्यासाठीच सांभाळायचा, असं त्यात लिहिलंय. तुमच्या मेळाव्यात "आम्हाला काही नको, फक्त लग्न थाटात करून द्या" म्हणणारे वडील मी अकराही वेळा ऐकले. त्या थाटातलं मुलीच्या हाती काय पडतं? मांडव, जेवणावळी आणि मानपानातलं तिच्या नावावर काहीच राहत नाही.

आता मूळ तक्रार. मंडळाचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या मंडळांत वेगळं काही घडत नाही.

गेल्या मेळाव्यात एक मुलगी व्यासपीठावर आली. कृषी पदविका झालेली. तिचे वडील माइक घेऊन अपेक्षा सांगू लागले: मुलगा नोकरीवाला, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, गावी शेती असावी पण मुलगा शेती करणारा नसावा. सभागृह हसलं, कारण हे सगळेच म्हणतात. मग मुलीनं वडिलांच्या हातून हळूच माइक घेतला आणि म्हणाली, "मला गावात राहायला चालेल. मला दुधाचा धंदा..." एवढ्यात तुमच्यातल्या सूत्रसंचालकानं माइक पुढून काढून घेतला. "ताई, वेळ कमी आहे, फक्त नाव, शिक्षण, उंची." तिनं उंची सांगितली. पाच फूट तीन.

माझा भाचा चौथ्या रांगेत बसला होता. दोन म्हशी आहेत त्याच्याकडे, तिसरी घ्यायचा विचार चालू आहे. तो अर्धवट उठला आणि परत बसला. नंतर तिच्या वडिलांकडे आम्ही गेलो, त्यांनी शेती म्हटल्यावर मान फिरवली. मुलगी बाजूला पर्स धरून उभी होती. तिच्याशी बोलायची पद्धत नव्हती म्हणून आम्हीही बोललो नाही. यात आमचीही चूक आहे, ती मी कबूल करते.

डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेनं जिल्हाधिकारी कार्यालयावर लग्नाळू तरुणांचा मोर्चा नेला होता, तो तुम्हाला आठवत असेल. नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यांवर, बँड लावून. देशभर बातमी गेली. लोक हसले, मीही आधी हसले. गर्भलिंग निदानाचा कायदा कडक पाळा, ही त्यांची मागणी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. २००१ साली अंगणवाडीत आणि पहिलीत असलेली ती पोरं आज तुमच्या मेळाव्यात रांगेत उभी आहेत. माझ्याच वर्गाच्या हजेरीपटावर मी हे पाहिलंय, मुलींची नावं पान भरायच्या आत संपायची.

पण त्या मोर्च्याबद्दल एक गोष्ट मला तेव्हाही टोचली. नवरी द्या, अशी मागणी होती. कोणाकडे? जिल्हाधिकाऱ्यांकडे. जन्माला आलेल्या मुलींना काय हवंय हे विचारायला कुठलाच मोर्चा निघालेला नाही. आणि तुम्ही, ज्यांच्या मांडवात त्या मुली स्वतःच्या पायांनी चालून येतात, त्यांना उंची विचारता.

सिनेमाचं कौतुक करताना एक लपवू नये. शेवटाकडे मेरी केट नवऱ्याला भेकड समजून गाडी पकडायला स्टेशनवर जाते. शॉन तिला डब्यातून उतरवतो आणि तिथून पाच मैल रानातून फरपटत भावाच्या दारात आणतो. सगळं गाव मागून मजा बघत येतं. एक बाई तर पुढे होऊन त्याला बायकोला मारायला काठी देते. हे विनोद म्हणून दाखवलंय. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर तो प्रसंग आला तेव्हा पोरं हसली, आणि मग एकेक करून बायका गप्प झाल्या. भावजय उठून म्हशीला वैरण टाकायला गेली. म्हशीला वैरण आधीच टाकलेली होती. मीही तेवढा भाग सांगितला नाही, भिंतीवर दिसत होतंच. मोठ्या दिग्दर्शकाचा मोठा सिनेमा आहे, तरी एवढं मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

पुढचं मात्र खास. शॉन तिला भावापुढे उभी करून म्हणतो, हुंडा नाही तर लग्न नाही, ही तुमच्याकडची रीत, माझी नव्हे. भाऊ नोटा फेकतो. नवरा त्या उचलतो. आणि मेरी केट स्वतः पुढे होऊन मळणीयंत्राच्या भट्टीचं दार उघडते, शॉन सगळे पैसे आत टाकतो. दोघांनी मिळून जाळले. तिला पैसे नकोच होते असं नव्हे. आधी हातात पडायला हवे होते, मग काय करायचं ते ती ठरवणार. नंतर ती ताठ मानेनं घरी स्वयंपाकाला जाते आणि शॉन आणि तिचा भाऊ गावभर मारामारी करत सुटतात, मधे थांबून पितातही. ती मारामारी फार लांबली आहे. काकांना तेवढीच आवडली.

म्हातारी म्हणाली, "जाळलं? आन भांडी?" मी सांगितलं, भांडी घरी आली आजी. तेव्हा ती उठली.

सगळ्यात शेवटी मेरी केट नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगते. त्याचा चेहरा चमकतो, ती पळते, तो मागे. ते वाक्य फोर्डनं ओहाराला सांगितलं होतं आणि फोर्ड, ओहारा, वेन तिघांनी मिळून गुपित ठेवलं. ओहारा २०१५ साली गेली, कोणाला न सांगता. भाच्यानं मला तीनदा विचारलं, "आत्या, काय म्हणाली असेल गं ती?" शेवटी लेक त्याला म्हणाली, "दादा, ते तुला विचारायचंच नाहीये. तुझ्या बायकोनं तुझ्या कानात सांगितलेलं तू ऐकलंस तरी खूप झालं." तो ओशाळला. म्हशी मोजायला गेला, दोनच आहेत.

तर मागणं असं. मुलीची ओळख मुलीनं करून द्यावी. बाप, काका, मामा यांनी खाली रांगेत बसावं. तिला किमान तीन मिनिटं द्यावीत, मान्यवरांचे सत्कार चाळीस मिनिटं चालतात, त्यातून काढा. मुलामुलींना त्याच सभागृहात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पण कोणाच्या कानावर न पडता बोलायला दहा-बारा खुर्च्या मांडा. मिकलीनची घोडागाडी समजा. मुलांनाही विचारा की घरात बाईचं स्वतःचं काय असेल: जमिनीत नाव, खात्यात पैसे, गोठ्यातल्या दुधाचा हिशेब कोणाच्या वहीत. माझा भाचा पहिल्या दिवशी या प्रश्नाला गडबडेल. गडबडू दे.

तुमच्यापैकी एका मंडळाचा पुढच्या मेळाव्याचा अर्ज माझ्यापुढे आहे. मुलींच्या अर्जात "अपेक्षा" या रकान्याखाली कंसात छापलंय, "पालकांनी भरावे". मुलांच्या अर्जात तो कंस नाही. आमचा अर्ज मी भरून ठेवलाय, फीचे पैसे पाकिटात घातलेत. मुलींच्या अर्जातला तो कंस काढून नवीन छापील अर्ज दाखवलात की पाकीट आणून देते.

आपली,
एक आत्या, जुळे सोलापूर

ता. क. : शिलाई मशीन आणायला मी येत्या रविवारी टेम्पो सांगितलाय. भावाला अजून बोललेले नाही. भावजयीला माहीत आहे, तिनं मशीनवरची पोती आधीच हलवलीत.